फॉन्ट मिसिंग

गेल्या दिवाळीत घरी भोकरदनला गेलो होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. "इंजिनिअर, हायस का गावात? जरा दुकानावर ये. एक फाइल उघडती, पण वाचता येईना."

भाऊ म्हणजे आमच्या गावातले डीटीपीवाले. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे फलक अशी सगळी कामं ते करतात. बारावीची परीक्षा झाल्यावर मी उन्हाळाभर त्यांच्याकडे बसून फोटोशॉप आणि कोरलड्रॉ शिकलो. पुढे इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो, तरी गावात माझी ओळख अजून 'भाऊंकडं बसायचा तो' अशीच आहे.

दुकानात बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी बसली होती. ती लहान असतानाच तिची आई गेली. वडीलही आता नाहीत. आईच्या माहेराशी संबंध कधीच तुटलेले. लग्नात आईचं नाव बदललं होतं आणि माहेरचं नाव काय होतं याबद्दल चुलते एक सांगत होते, आत्या दुसरंच. घरातली पत्रिका गहाळ झालेली. ती भाऊंकडे छापली होती, एवढं मात्र दोघांना पक्कं आठवत होतं.

भाऊंनी 1998 पासूनच्या फायली जपल्या आहेत. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून हार्ड डिस्कवर. फोल्डरला वर्षाचं नाव, फाइलला नवरदेवाच्या आडनावाचं. 2000 सालच्या फोल्डरमध्ये ही फाइल लगेच सापडली आणि उघडलीही. वेलबुट्टीची चौकट जागेवर होती, गणपती होता, कलश होता. मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं, आकडे, डॉलरची खूण, डोक्यावर टोपी घातलेला ए आणि मधेच कॉपीराइटचं चिन्ह असा सगळा गोंधळ. आणि त्यावर एक चौकट: फॉन्ट मिसिंग.

"ज्या पॅकेजात केली होती ते गेलं," भाऊ म्हणाले. "त्याचं लॉक खराब झालं, मग ते मशीनच भंगारात गेलं."

त्या एका फाइलसाठी मी चार दिवस बसलो. ते चार दिवस आणि त्यानिमित्ताने वाचलेला मराठी अक्षरांचा इतिहास, हा या लेखाचा विषय. शिकाऊ असताना भाऊंनी मला ज्या गोष्टी 'अशाच करायच्या असतात' म्हणून शिकवल्या, त्या तशा का करायच्या असतात हे मला तेव्हा कळलं.

* * *

पहिला महिना भाऊंनी मला फक्त कटिंग करायला लावलं. कटिंग म्हणजे फोटोतल्या माणसाच्या कडेने पेन टूलने एकेक बिंदू टाकत जायचं आणि त्याला मागच्या भिंतीपासून सुटा करायचा. कान आणि केस यांवर नवशिक्याची परीक्षा होते. मग कडा थोडी मऊ करायची, नाहीतर माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. पुढचा धडा लेयर्सचा. मागे रंग, त्यावर फुलं, त्यावर माणूस, सगळ्यात वर अक्षरं. एकावर एक ठेवलेल्या काचा समजायच्या.

त्यानंतर रंग. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापल्यावर मळकट का येतो, तर स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने होते. प्रकाशात मिळणारे काही रंग शाईत मिळतच नाहीत. मग रिझोल्यूशन. पत्रिकेला इंचाला तीनशे ठिपके लागतात, कारण ती हातात धरून वाचतात. चौकातल्या फ्लेक्सला त्याहून खूप कमी चालतात, कारण तो रस्त्याच्या पलीकडून बघतात. पण व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दोन्हीकडे फाटतो. हे सगळं कोणत्याही देशातला शिकाऊ असंच शिकतो.

भाऊंचा एक धडा मात्र त्यात वेगळा होता. काम झालं, ग्राहकाने नजरेखालून घातलं, की फाइल जालन्याला किंवा औरंगाबादला छपाईला पाठवण्याआधी सगळा मजकूर सिलेक्ट करायचा आणि कंट्रोल क्यू दाबायचं. कोरलमध्ये याला 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' म्हणतात. एवढं केलं की अक्षरं ही अक्षरं राहत नाहीत, वळणावळणाच्या रेषा होतात. छापणाऱ्याकडे आपला फॉन्ट असो वा नसो, 'शुभविवाह' हा 'शुभविवाह'च छापून येतो. मोबदल्यात एक गोष्ट जाते. त्या शब्दात पुन्हा दुरुस्ती करता येत नाही, तो शोधता येत नाही, दुसरीकडे चिकटवता येत नाही. तो मजकूर न राहता चित्र झालेला असतो.

म्हणून भाऊ दोन फायली ठेवत. एक कर्व्ह केलेली, छपाईसाठी. दुसरी न केलेली, पुढे दुरुस्तीला. त्या मुलीच्या आईच्या पत्रिकेची नेमकी दुसरीच फाइल उरली होती. कर्व्ह केलेली फ्लॉपीवर छपाईवाल्याकडे गेली, ती तिकडेच राहिली.

* * *

अक्षराचं चित्र करायचं की अक्षर अक्षरच ठेवायचं, हा पेच कोरलच्या कितीतरी आधीचा आहे. मराठी छपाईचा इतिहास बराचसा याच पेचाचा इतिहास आहे.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली पहिलं मराठी पंचांग छापलं, ते शिळाछापावर. ही पद्धत 1796 च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरने शोधली होती. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा आणि वरून छपाईची शाई फिरवायची. पाणी आणि तेल एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे शाई फक्त लिहिलेल्या जागी बसते. गणपत कृष्णाजींनी पोथ्या छापायला घेतल्या तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील पोथीला शिवेनात. तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली, असं सांगतात.

दगडाला जोडाक्षर म्हणजे काय हे माहीत नसतं. रफार कुठे येतो, वेलांटी अक्षराच्या आधी की नंतर, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. लेखनिकाने जे काढलं ते छापून येतं. म्हणजे शिळाछाप हा आपला कंट्रोल क्यू. लिपी कितीही गुंतागुंतीची असो, अडत नाही. पण एक शब्द चुकला तर जुळणी बदलून भागत नाही, आणि पुढच्या पानाला तीच अक्षरं पुन्हा वापरता येत नाहीत.

दुसरा मार्ग खिळ्यांचा. शिशाची सुटी अक्षरं जुळवायची, छापायची, सोडवायची आणि पुन्हा वापरायची. रोमन लिपीला हे सोपं जातं. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार असे शेकडो खिळे लागतात, आणि शिरोरेषा तुटू न देता ते एकमेकांना भिडवावे लागतात. हे काम देखण्या पातळीला नेणाऱ्यांत जावजी दादाजी चौधरी यांचं नाव पुढे आहे. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून तो साफ करायचा, हे तिथलं सगळ्यात खालचं काम. तिथे थॉमस ग्रॅहम हे अक्षरकलेतले जाणकार होते. ते बघत बघत हा मुलगा शिकला, पुढे स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कारागिराने कोरलेल्या निर्णयसागरच्या अक्षरांनी पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना 'छापील मराठी अशी दिसते' हे शिकवलं. कान आणि केसांच्या कडा कापत मी वैतागलेला असताना जावजींची गोष्ट मला कोणी सांगितली असती, तर तो महिना जरा हलका गेला असता.

शेकडो खिळ्यांचा हा पसारा पुढे इतका जाचक वाटू लागला की लिपीच बदलावी, असं म्हणणारे लोक पुढे आले. सावरकरांनी 'इ' आणि 'उ' न लिहिता 'अि' आणि 'अु' लिहा, असा आग्रह धरला तो याच विचारातून. म्हणजे वेगळे स्वर कोरायला नकोत, खिळे कमी होतील. यंत्राला लिपी झेपेना, तर लिपीनेच अंग चोरून घ्यावं. हा उपाय मराठीने स्वीकारला नाही.

* * *

मग संगणक आला. 1985 मध्ये पेजमेकर आलं आणि टेबलावर बसून पान लावता येऊ लागलं. डीटीपी हा शब्द तिथूनचा. 1989 च्या जानेवारीत कॅनडातून कोरलड्रॉ आलं. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोलने 1987 मध्ये राखाडी छटांची चित्रं स्क्रीनवर दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सिनेमांच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करणारा त्याचा भाऊ जॉन त्यात पडला आणि 1990 च्या फेब्रुवारीत फोटोशॉपची पहिली आवृत्ती विक्रीला आली. तिच्यात लेयर्स नव्हते, ते 1994 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आले. आणि लिहिलेला मजकूर एकदा चित्रात उतरला की त्याचे ठिपके होऊन जात. नंतर बदलता येणारा मजकूर 1998 मध्ये पाचव्या आवृत्तीत आला. म्हणजे पहिली आठ वर्षं फोटोशॉपसुद्धा एक प्रकारचा शिळाछापच होता.

हे सगळे प्रोग्रॅम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले. त्या वेळच्या फॉन्टमध्ये 256 घरं, आणि त्यातलीही सगळी वापरता येत नसत. एका घरात एक आकृती. आपल्याकडच्या लोकांनी काय केलं, तर त्या घरांमधली इंग्रजी अक्षरं काढून तिथे देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे अर्धा ग, कुठे काना, कुठे रफार. संगणकाच्या लेखी आपण इंग्रजीच टाइप करत होतो, फक्त त्याला इंग्रजीचे कपडे मराठी शिवून दिले होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सीडॅकच्या जिस्ट गटाचे फॉन्ट आणि इतरही कितीतरी पॅकेजं या काळातली. मराठी छपाईचा मोठा भाग त्यांनी पेलला. त्यांच्याविना भोकरदनमध्ये 1998 साली संगणकावर मराठी लग्नपत्रिका झालीच नसती.

अडचण एकच होती. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. खरं तर सगळ्यांसाठी एक संकेत तयार झालेला होता. आयआयटी कानपूरमधून सुरू झालेलं जिस्टचं काम पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये आलं, आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक 1988 मध्ये मांडलं गेलं, 1991 मध्ये भारतीय मानक म्हणून पक्कं झालं. त्याचं तत्त्व असं: आकृती साठवायची नाही, अक्षर साठवायचं. 'चि' साठवताना आधी च, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. वेलांटी डावीकडे काढायची हे दाखवणाऱ्या यंत्रणेने बघून घ्यावं. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. पण दाखवणारी यंत्रणा कोरल-फोटोशॉपपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली, आणि तोवर छपाईचा धंदा तुकड्यांच्या फॉन्टवर चालला.

ज्यांच्यामुळे ती यंत्रणा साधी माणसं वापरू लागली, त्यांत र. कृ. जोशी महत्त्वाचे. मराठी वाचकाला ते दृश्यकवितांमुळे ठाऊक असतील. जाहिरात क्षेत्रात नाव काढून ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रात शिकवायला आले आणि बोरूचं वळण संगणकात कसं न्यायचं यावर त्यांनी पुढची वर्षं खर्च केली. विंडोज 2000 सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्या हातचा. सुलेखन करणाऱ्या माणसाला मंगल फार देखणा वाटणार नाही, पण तो ज्या कामासाठी होता ते वेगळं होतं. त्यात अक्षर अक्षर म्हणूनच साठत होतं. 2008 साली र. कृ. गेले. त्यानंतरची पिढीही थांबली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट आज कोणीही फुकट वापरू शकतो, आणि बॅनरपासून वेबसाइटपर्यंत ते सगळीकडे दिसतात.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलमध्ये लिनक्सवर गिंप उघडून मी पहिल्यांदा युनिकोडमध्ये गावाचं नाव आणि जिल्हा लिहिला. वेलांटी जागेवर, 'ल्ह' जुळलेला, काही दुरुस्त करावं लागलं नाही. गिंपच्या पोटात अक्षरं जुळवण्याचं काम जी यंत्रणा करते तिचं नाव हार्फबझ. हे नाव फारसीतून घेतलंय: 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाझ' म्हणजे खुलं. आपल्या मराठीतला 'हरफ' तोच. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांमध्येही पसंतींत जाऊन मजकुराचं इंजिन बदललं की देवनागरी नीट जुळते. गावाकडच्या प्रत्येक शिकाऊ पोराला मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण नाहीतर तो तुटक्या अक्षरांना स्वतःची चूक समजून महिनाभर झगडत बसतो.

* * *

आता त्या फाइलकडे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारी साधनं इंटरनेटवर मिळतात, पण एकही जुळेना. या फॉन्टची घरं वेगळीच होती. म्हणजे एक अनोळखी लिपी वाचायची होती, आणि तिची भाषा मात्र माहीत होती.

असं याआधी एकदा झालेलं आहे, आणि त्यात भोकरदनही आहे. आमचं गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. 1973 मध्ये केळना नदीकाठच्या या गावात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली हस्तिदंती मूर्ती मिळाली. 1938 मध्ये पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी ती इतकी मिळतीजुळती आहे, की पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांनी घडवली असावी, असं काही अभ्यासक मानतात. सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. त्यांची नावं तिथल्या दगडांवर ब्राह्मीत कोरलेली आहेत.

ती नावं शेकडो वर्षं कोणालाही वाचता येत नव्हती. 1837 मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे सांचीच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे आले. त्याच्या लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येक लेखाचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी पुन्हा पुन्हा एकच शब्द कोरायचा, तर तो कोणता असेल? देणगीचा. 'दानं'. त्या एका शब्दातून द आणि न हाती लागले, आणि थोड्याच काळात सगळी ब्राह्मी उलगडली.

लग्नपत्रिकाही अशीच ठरीव असते. वरच्या ओळीला दोन्ही बाजूंनी सारखीच दोन चिन्हं होती: म्हणजे दंड, आणि मध्ये '।। श्री गणेश प्रसन्न ।।'. मोठ्या अक्षरांतल्या दोन ओळींची सुरुवात त्याच तीन चिन्हांनी होत होती: म्हणजे एकीकडे 'चि.' आणि दुसरीकडे 'चि. सौ. कां.'. तुकड्यांच्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप करतात, तेव्हा पहिलं चिन्ह वेलांटी, दुसरं च. सगळ्यात जास्त वेळा आलेलं चिन्ह काना. मग 'शुभविवाह', 'निमंत्रक', 'आपले विनीत'. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बरीचशी पत्रिका वाचता आली. वेलांटी मागे न्यायची, रफार पुढे आणायचा, एवढा छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊंच्या नमुन्यांच्या अल्बममध्ये त्याच फॉन्टची एक छापील पत्रिका निघाली, तिच्याशी ताडून बघितलं. बरोबर होतं.

नवरीच्या नावात मात्र एक चिन्ह असं होतं, की जे त्या पत्रिकेत दुसरीकडे कुठेच नव्हतं. चुलत्यांचं नाव आणि आत्याचं नाव, दोन्ही त्या जागी बसू शकत होती. अंदाजाने एक सांगून टाकता आलं असतं. ती मुलगी रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायची आणि काही विचारायची नाही. मग 2000 चं फोल्डर पहिल्यापासून उघडत गेलो. पावतीपुस्तकं, टॉवेल-टोपीच्या दुकानाचं हँडबिल, बारशाचं आमंत्रण. चौथ्या दिवशी एका हरिनाम सप्ताहाच्या पत्रकात ते चिन्ह सापडलं, अशा शब्दात की जिथे दुसरं कोणतंही अक्षर बसणं शक्य नव्हतं.

आत्याचं बरोबर होतं.

नावाखालच्या ओळीत आजोबांचं नाव होतं आणि गाव होतं, तालुका सिल्लोड. भोकरदनहून तासाभराच्या आतलं. हे गाव घरात कोणालाच आठवत नव्हतं. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि भाऊंना म्हणाली, "हे एवढंच मोठ्या अक्षरात छापून द्याल का?" भाऊंनी छापून दिलं. पैसे घेतले नाहीत.

* * *

पुण्याला निघण्याआधी तो प्रोग्रॅम भाऊंच्या मशीनवर टाकून आलो. त्याने 1998 ते 2004 पर्यंतच्या फायली आता युनिकोडमध्ये उतरतायत. त्यानंतर पॅकेज बदललं, तेव्हा त्याची घरं पुन्हा शोधावी लागणार आहेत. गेल्या पंचवीस वर्षांत तालुक्यात कोणाची लग्नं झाली, कोण गेलं, कोणती दुकानं उघडली, कुठे सप्ताह बसला, याची इतकी सलग नोंद दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. आणि अशी दुकानं महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला आहेत. त्यांच्या हार्ड डिस्क एकेक करून बंद पडतायत.

नव्याने डिझाइन शिकणाऱ्याला म्हणून माझं सांगणं भाऊंच्या धड्यात थोडीच भर घालणारं आहे. छपाईसाठी कर्व्ह कराच. पण एक प्रत न केलेली ठेवा, युनिकोडमध्ये. आणि शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नुसता मजकूर, चौकट नाही, गणपती नाही. भाऊंनी ते लगेच सुरू केलं. परवा फोनवर म्हणाले, नवीन पोरगा आलाय शिकायला, कटिंगला बसवलाय. "पण आधी त्याला फाइल कशी ठेवायची ते शिकवलं," ते म्हणाले. "कान-केस काय, येतील हळूहळू."